आबांनी ओटीपी दिला नाही

सुजयदादा,

तुझा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, म्हणून लिहितेय. आबांना घेऊन सिव्हिलला जातेय. भात झालाय, आमटी गरम करून घे आणि जेवून लगेच ये.

माझी ॲडमिशन गेली. डिप्लोमावरून आयटी इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळालेली सीट आज पाचपर्यंत पक्की करायची होती. फॉर्मवर मोबाइल आबांचा, त्यामुळे ओटीपी त्यांच्याकडे गेला. कॉलेजातून फोन केला, "आबा, मी योगिनी, मेसेजमधले आकडे वाचा." तर म्हणाले, "चोरांनो, माझी योगिनी चौथीत आहे. शाळेत गेलीय ती." परत लावला तर शिव्या घातल्या. शेजारच्या मालूकाकीला पाठवलं, तिला दार उघडेनात.

केव्हाची सांगतेय, आबांचं काहीतरी बिघडलंय, डॉक्टरला दाखवू या. तू हसायचास. "वय झालं की होतं गो असं." आता हास. सीटसाठी मी पुढच्या वर्षी परत झगडेन, पण आबा एकटीला झेपणार नाहीत.

घरी आले तर आबा शर्ट घालून पायरीवर बसलेले. मलाच विचारतात, "बाय, तू कोणाची गो?" पोरीची शाळा सुटेल म्हणून दवाखान्यात यायलाच तयार नव्हते. शेवटी रिक्षा शाळेवरून न्यायचं कबूल केलंय. तिला घेतल्याशिवाय ते पुढे येणार नाहीत, आणि मी त्यांच्या शेजारीच बसलेली असेन.

योगिनी