मावशींच्या बाल्कनीतून आलेली तार

३ ऑक्टोबर, ब्राइला, रोमानिया
नवं घर झकास आहे. चौथा मजला, बाल्कनीतून डॅन्यूब नदी दिसते. शेजारच्या सावेतामावशींनी आल्या आल्या प्लाचिंता, म्हणजे भोपळा भरलेली गरम पोळी, खायला घातली आणि अजून लग्न कसं केलं नाहीस म्हणून झाडलंही. त्यांची मुलगी डोइना इटलीत असते. रोज संध्याकाळी सहाला टॅबवर मायलेकींच्या गप्पा. त्यासाठी डोइनाने नवं इंटरनेट घेऊन दिलंय, ते मी जोडून दिलं.

९ ऑक्टोबर
माझं इंटरनेट म्हणजे गोगलगाय. कामाच्या चित्रफिती पाठवण्यात दिवस जातो. शेवटी मावशींच्या राउटरमधून एक तार बाल्कनीवरून माझ्या संगणकात आणली. आता माझी आणि त्यांची, दोन्ही जोडण्या एकदम चालतात. राउटर असा लावलाय, की आधी मला, उरलं तर टॅबला. मावशींना विचारलं नाही. म्हातारीला लागतं तरी कितीसं?

१७ ऑक्टोबर
मावशी म्हणाल्या, डोइनाचा चेहरा मध्येच थिजतो रे. मी सांगितलं, यंत्र जुनं झालंय तुमचं. त्या ओशाळल्या. मला लाज वाटली, पण तार काढली नाही.

२६ ऑक्टोबर
मावशी गेल्या. काल सहाच्या सुमारास छातीत कळ आली. सकाळी सापडल्या तेव्हा टॅब हातात होता, डोइनाला लावलेला फोन न लागता चक्र नुसतं फिरत होतं. काल सहाला मी तीन तासांची चित्रफीत पाठवत होतो. मी मारलं त्यांना.

२९ ऑक्टोबर
डोइना इटलीहून आलीय. इथल्या रीतीने तिने आईच्या नावाने तिचा राउटर मला दान दिला, सोबत पाव आणि पेटती मेणबत्ती. दिलेली वस्तू गेलेल्या माणसाला पोचते, आईला तिकडे बोलता येईल, म्हणाली. तुझ्यावर फार जीव होता तिचा, असंही म्हणाली. कबूल करायला तोंड उघडलं, आणि घेणाऱ्याने म्हणायचं तेवढंच म्हणालो, देव तिला क्षमा करो.

३१ ऑक्टोबर
राउटर कपाटात ठेवला. तार गुंडाळली. तरी संगणक दोन जोडण्या दाखवतो. सहा वाजले की मावशींचीच चालते, माझी शून्य.

१ नोव्हेंबर
डोइना इटलीला परतली. सहाला मावशींच्या कुलूपबंद घरातून त्यांचा आवाज — कुणाशी तरी बोलतायत. उद्या डोइनाला सगळं सांगणार.

२ नोव्हेंबर
सहा. फोन लागला. म्हणालो, ती तार मी — तिचा चेहरा थिजला. चक्र. पुन्हा लावला. चक्र.
छातीत कळ — रुग्णवाहिकेलाही फोन लागत नाही — पाठीमागे कुणीतरी — मावशी. अगदी मायेने म्हणतायत, यंत्र जुनं झालंय रे तुझं, आण इकडे, मी