दुसऱ्याच्या नावाला ओ

३ फेब्रुवारी, जालना

आले एकदाची! आईच्या मते मी इथं आठवडाभरही टिकणार नाही. पण घरमालकीणबाईंनी आल्या आल्या गरम धपाटे आणि दही पुढ्यात ठेवलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, दीपमाले, तुझं बस्तान बसलं.

टेस्ट ट्यूब बेबी सेंटर अंबड रोडला आहे. पूर्वी तिथं सरकीच्या बियाण्याचं गोदाम होतं. लॅबमधले माझे सीनियर गजानन सर म्हणाले, "गोदाम तेच हाय मॅडम, बी तेवढं बदललं." माणूस गमत्या आहे, पण कामाला चोख. अत्तर लावून यायचं नाही, दार आपटायचं नाही, आणि कुठलीही डिश हलवण्याआधी एकानं पेशंटचं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं लेबल बघून होकार द्यायचा. हा नियम सगळीकडे असतो. पण सरांचे वडील शाळामास्तर, त्यामुळे इथं होकार म्हणजे "हजर"! पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना.

१० फेब्रुवारी

आज टेंभुर्णीच्या बेबीनंदाताई आणि तातेराव आले होते. दोघंही शिक्षक. ताईंनी चाळिशी ओलांडलीय आणि हा त्यांचा शेवटचा प्रयत्न, हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. आज जेमतेम एकच अंडं मिळालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "ताई, एकलंच हाय ते. जपजा त्याला."

जपेन म्हटलं. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं.

११ फेब्रुवारी

गजानन सर भाच्याच्या जावळासाठी जांब समर्थला गेलेत. लॅबमध्ये मी एकटीच. रात्रीत फळलंय का ते सकाळी ठरल्या वेळेला बघावंच लागतं, म्हणून डिश काढायला गेले आणि सवयीनं नाव वाचलं, "बेबीनंदा तातेराव." हजर म्हणणार कोण? मीच लाडिक आवाजात म्हटलं, "हजर!"

दारात सफाईवाल्या सोनूबाई फरशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "अवो ताई, दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ न्हाई. मंग ज्याचं त्याला कसं कळंल?" मी म्हटलं, मावशी, आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. बाबांनी लहानपणी आम्हाला मुद्दाम स्मशानातून फिरवून आणलंय. त्या पुसत राहिल्या.

अंडं फळलं होतं! तातेरावांना फोन केला, तर ते बोलता बोलता रडायलाच लागले.

१२ फेब्रुवारी

चार पेशी. एकीसारखी दुसरी, नितळ. मला हे दिवस फार आवडतात. यातल्या कुठल्याच पेशीनं अजून काही ठरवलेलं नसतं. कातडी, काळीज, डोळा, जे म्हणाल ते होऊ शकेल.

सर अजून आले नाहीत. आज मी शहाणपणानं सोनूबाईंना आत बोलावलं. त्या पायात कव्हर घालत होत्या तेवढ्यात मी नाव वाचलं.

हजर.

मी नाही म्हटलं. सोनूबाईही नाही. आवाज माझाच होता, कालच्यासारखा लाडिक, पण फार लहान. डिश उबेत ठेवतात त्या इनक्युबेटरच्या गॅसचा असेल. गॅसचाच असणार.

१३ फेब्रुवारी

आठ पेशी. वाढ अगदी वेळेवर.

सर परतले. त्यांनी नाव वाचलं, मी ओठ घट्ट मिटून घेतले. तरी आलं — हजर. सर हसले, म्हणाले, "आवाज बराबर लेकराचा काढून राह्यल्या तुम्ही, मॅडम."

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं. त्या क्षणी मला खरी भीती वाटली. आवाज इनक्युबेटरकडून आला नव्हता. माझ्या बाजूनं आला होता.

१४ फेब्रुवारी

पेशी एकमेकींना बिलगून तुतीसारखा गोळा झालाय. सगळं पुस्तकात असतं तसंच.

मीच बरी नाही. चहाचा वास आला आणि उलटी झाली. दुपारी पुन्हा. सोनूबाई माझ्याकडे बघतात आणि नजर वळवतात.

सेंटरमधली गरोदरपण तपासायची एक पट्टी घेऊन बाथरूममध्ये गेले. वेडेपणा नुसता. माझं लग्न झालेलं नाही, कुणी नाही, कधीच कुणी —

दोन रेघा.

दुसरी पट्टी. दोन रेघा.

आईचा फोन येतोय. उचलवत नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी

आज पाचवा दिवस. आज गर्भाच्या आत दोन भाग पडलेले दिसायला हवेत. बाहेरची भिंत, तिची पुढे वार होते. आणि आत एका कडेला पेशींचा छोटा पुंजका. बाळ होतं ते त्यातून. ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या मूळ पेशी मिळतात त्याही तिथूनच.

भिंत सुंदर आहे. गोल, टपोरी.

आत काही नाही.

डिश फिरवली. पुन्हा बघितलं. सरांनाही दाखवलं. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाले, "पुंजका विरघळला म्हणावं तर कचरा दिसायला पाहिजे. गेला कुठं?"

मला माहीत आहे कुठं गेला. मी ओ दिली. त्याला वाटलं, मीच त्याची आई.

गर्भ पोटात सोडून घ्यायला बेबीनंदाताई टेबलावर झोपल्यात. नवी साडी नेसून आल्या होत्या. सर म्हणतात, तरी सोडून बघू. पण सांगायलाच हवं. त्यांचं एकच होतं — जपते म्हटलं होतं मी —

१५ फेब्रुवारी

लॅबची कडी आतून लावलीय.

सांगायला गेले होते. तोंड उघडायच्या आत सरांनी नेहमीसारखं नाव वाचलं. ताईंना शिकवून ठेवलं होतं, हजर म्हणायचं. त्या हसून म्हणणार, तेवढ्यात — सगळ्यांनी ऐकलं — माझ्या पोटातून —

डॉक्टरबाईंच्या हातातली गर्भ सोडायची नळी पडली. ताई मात्र घाबरल्या नाहीत. उठून बसल्या. माझ्या पोटाकडे बघत राहिल्या.

आता दार वाजतंय. त्याच आहेत. मी म्हणतेय, ताई, माफ करा, मला — मी मुद्दाम नाही —

त्या माझ्याशी बोलतच नाहीत. दाराला तोंड लावून हळूच म्हणतायत, "बाळा. ये ना."

पोटात काहीतरी त्या आवाजाकडे वळलं. ओढतंय — दाराकडे — मी टेबल धरून —

त्यांनी पुन्हा हाक मारली. ओ देऊ नकोस. ओ देऊ नकोस. ओ —

ह