विजेच्या इंजिनातला थंड डबा

१४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

१२ मार्च, सकाळी साडेदहा. पहिल्या विजेच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणून तू रेल्वे संग्रहालयाची फीत कापलीस आणि तुझ्यामागे भिंतीवर माझी अब्रू टांगलेली होती: ‘पहिल्या विजेच्या गाडीचा खोळंबा. तिकीट खिडकीवरील बाईंनी घाबरून लाल बावटा दाखवला.’ माझ्या साऱ्या नोकरीची ही एवढी एक ओळ. ती वाचून तू मान डोलावलीस.

कोळशाच्या इंजिनात तू डबा बॉयलरवर गरम करायचास. विजेच्या इंजिनात आग नसते हे अख्ख्या स्टेशनला ठाऊक होतं, तुला ते भूक लागल्यावर कळलं. मग मंत्र्यांसकट गाडी माझ्या क्वार्टरसमोर उभी करून तू थेट माझ्या स्टोव्हपाशी. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून ठपका मी घेतला. तो फाइलीत राहील असं वाटलं होतं, भिंतीवर नव्हे.

फलक बदलून घे.

लोभ आहे, पण आज तो मागू नकोस.
अक्का

१८ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र सूनबाईने मोठ्याने वाचलं. तेव्हापासून घरात मला ‘थंड चालेल ना?’ असं विचारून वाढतात. निदान गावात तरी माझी लाज राख. फलकावर ‘तांत्रिक कारण’ लिहून घेऊ का? दोघांचंही भागेल.

जाता जाता: त्या गडबडीत तुझ्याकडे राहिलेला माझा डबा आहे का? संग्रहालयवाले माझी एखादी वस्तू मागताहेत.

राग सोडावा, लोभ धरावा.
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तांत्रिक कारण तुझ्या पोटात होतं. शाळेत सिस्टरांनी मला खरं बोलायला आणि सुवाच्य लिहायला शिकवलं. तुझ्यापायी पहिलं मोडलं, दुसरं शाबूत आहे.

डबा आहे. बूड अजून काळं. आतली भाजी मीच संपवली, कारण गार्डाची शिट्टी ऐकून तू उपाशीच पळालास. संग्रहालयाला तो जरूर देईन. वस्तूखालचा मजकूर देणाऱ्याने लिहायचा असतो, मी विचारून आले. माझा लिहून तयार आहे, स्टोव्हसकट.

तुला फलकासाठी फक्त एवढं लिहून द्यायचं आहे, की गाडी ड्रायव्हरने थांबवली, बाईंनी नाही. का थांबवली, ते हवं तर गाळ. दिलंस तर शनिवारी जेवायला ये, गरम वाढीन. नाही दिलंस तर शनिवारी डबा काचेच्या कपाटात.

फोन करू नकोस. लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.

अक्का