न विचारता आलेल्या बायका

आयवालिक, जानेवारी

प्रिय ओर्कुन,

तुझे फोन मी मुद्दाम घेत नाहीये. फोनवर तू समोरच्याला बोलूच देत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून हे पत्र. चहा ओतून घे आणि शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी तुमच्या कंपनीचा वकील माझ्याकडे एक कागद घेऊन आला. गावात इंग्रजीवरून तुर्कीत भाषांतर करणारी, कोर्टाची शपथ घेतलेली मी एकटीच, त्यामुळे कोर्टात जायचा कागद माझ्याच शिक्क्याने जाणार. परदेशातल्या मालकांना तू पाठवलेला अहवाल होता तो. तू सांभाळतोस त्या जैतुनाच्या बागेत तीन 'इंट्रूडर्स' सापडल्या आणि तू त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलंस. नावं वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. पेंबेमावशी, तिची सून आणि आपली दुर्सुने, जिच्या लग्नात तू नाचून नाचून बूट फाडले होतेस.

वकील म्हणाला, "बाई, तिथे 'म्युतेजाविझ' टाका, म्हणजे काम पक्कं होईल." होईलच. म्युतेजाविझ म्हणजे अंगावर चालून आलेला, आणि तसा शिक्का बसला तर सत्तरीच्या पेंबेमावशीला तुरुंगाची हवा खावी लागेल. मी त्याच्यापुढे शब्दकोश उघडला. 'इंट्रूडर'चा पहिलाच अर्थ होता 'दावेतसिझ मिसाफिर', न बोलावता आलेला पाहुणा. तो हसला, "मग त्या काय चहाला आल्या होत्या?" मी म्हटलं, आपल्याकडे असा पाहुणा आला की आपण ताट वाढवतो, फौजदार बोलावत नाही. पण तुला तसं म्हणायचं नव्हतं, हे मलाही कळतं. शेवटी मी 'परवानगीशिवाय शिरलेल्या' असं लिहिलं, कारण तुझ्या लिहिण्याचा अर्थ तोच होता. 'झाडाखाली उरलेला सरवा वेचणाऱ्या' असं लिहायला हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू? पण मी शपथ घेतलेली आहे. तुझं लिहिणं मी कडू करणार नाही, तसं गोडही करणार नाही.

वकील गेल्यावर मी थेट पेंबेमावशीकडे गेले. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि मला आधी जेवायला बसवलं. मग सांगू लागली. ठाण्यावर साहेबाने विचारलं, परवानगी घेतली होती का? ही ताठ मानेने म्हणाली, "नाही. आणि घेणारही नाही." त्याने तेवढंच लिहून घेतलं आणि तिघींचे अंगठे घेऊन त्यांना खटल्यापर्यंत घरी सोडलं. तो बिचारा देशाच्या पूर्वेकडचा, त्याला इथली रीत काय ठाऊक? मला म्हणते, "अगं मेलाहत, झोडणी संपली, झाडाखालची कापडं उचलली, की खाली उरलेलं वेचणारीचं. त्यासाठी विचारायचं म्हणजे मालक नाही म्हणेल असं समजायचं. एवढा अपमान कोणाचा करावा का माणसाने?" ओर्कुन, तुझ्या मालकाची अब्रू राखायला तिने विचारलं नाही, आणि तेच आता तिचा कबुलीजबाब ठरलंय.

ठाण्यावरच्या साहेबाला ठाऊक नव्हतं. तुला होतं. बाबा गेले त्या हिवाळ्यात आई आपल्याला घेऊन बागा-बागांतून हिंडायची. तू दगडांच्या फटीतून जैतुनं उकरून काढायचास, तुझी बोटं इतकी गार पडायची की मी ती माझ्या काखेत धरून ठेवायचे. कोणत्या मालकाला विचारलं होतं आपण? एकदा वाटेत म्हातारा बागवाला भेटला, तर तोंड फिरवून उभा राहिला, आईला ओशाळवाणं वाटू नये म्हणून. त्या तेलावर तू वाढलास. मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

तुझी बाजू मला दिसत नाही असं नाही. नोकरी नवी, दुसरं बाळ येऊ घातलंय, मालकांना कुंपण आणि आकडे एवढंच समजतं. पण अहवालात एक ओळ जास्त लिहिली असतीस तर तुझं काय जात होतं? इथली रीत अशी आहे, एवढंच. ती तू लिहिली नाहीस, म्हणून आता मला बोलावं लागणार. सोमवारी खटला आहे. भाषांतर देऊन झालं, माझं ते काम संपलं. आता साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. बागेचा व्यवस्थापक याच गावात सरवा वेचून मोठा झालाय, हे मी न्यायाधीशांपुढे सांगणार आहे. तू आधी उठून सांगितलंस तर मी गप्प बसेन.

आता, हे पत्र का लिहिलं ते. काल सगळं आईच्या कानावर घातलं. तुला वाटेल ती रडली. नाही रडली. उठली, माळ्यावरून टोपल्या काढल्या आणि एक माझ्या हातात दिली. रविवारी सकाळी आम्ही दोघी तुझ्या बागेत येतोय, मोठ्या फाटकातून, सगळ्या गावादेखत. आम्ही तुला विचारणार नाही. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलव, आणि त्या कागदावर आईचं नाव तू तुझ्या हाताने लिही. त्याचंही भाषांतर मी करून देईन, अगदी शब्दाला शब्द.

तुझीच,
मेलाहतताई