नेहमीचीच गुठळी

४ मार्च
आले एकदाची! अख्खा प्रवास शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर. सरोवराकाठचं गाव, वाळत घातलेल्या बारीक मासळीचा वास. जिल्हा रुग्णालयाची प्रयोगशाळा माझ्या एकटीची! काचपट्ट्या मी बनवायच्या, अहवाल डॉ. गोंडवे सांगतील तो लिहायचा. दारावर झळझळीत पाटी: 'गर्भाशयाच्या कर्करोगाचा सहा वर्षांत एकही रुग्ण नाही.' झाडलोट करणाऱ्या फालेसीमावशींनी आल्या आल्या न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वाढली. म्हणाल्या, "खा गं एनेलेसी, वाळकी काडी! तुझ्या आधीची एथेलसुद्धा चिमणीएवढंच खायची." ती गावी गेली म्हणे.

९ मार्च
आज पाच बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आले. चौघींत नुसत्या गुठळ्या: बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त, भोवतीचं अस्तर ढासळलेलं. पाळीतही असं दिसतं. पण या बायकांना महिनोन् महिने रक्त जातंय. मग अस्तर अवेळी का ढासळतंय, ते शोधायला हवं ना? बीज सुटत नाही? रक्त गोठत नाही? आत गाठ आहे? डॉक्टरांनी भिंगाला डोळाही लावला नाही. "लिही पोरी. गुठळी. नेहमीचीच."
लिहिलं.

१३ मार्च
लाज वाटते. उरलेल्या गुठळ्या 'टाकून द्या' शेऱ्याच्या डब्यात होत्या. त्या पूर्ण कापून पाहिल्या. दोघींत गुठळीच्या पोटात कर्करोगाच्या पेशी. डॉक्टरांना दाखवल्या. ते शांतपणे म्हणाले, "पाटी वाचलीस ना?"
त्यातल्या एकीला कालच पुरलं.

१४ मार्च
अहवालांची जुनी वही चाळली. सहा वर्षं, पानामागून पान एकच ओळ. शेवटच्या पानावर रुग्णाचं नाव एथेल म्बेवे. पुढे तिच्याच अक्षरात: गुठळी. नेहमीचीच.
स्वतःबद्दल लिहिलं तिने. पट्टी न बघता. तिचा तुकडा डब्यात तसाच पडलाय, कापलेलाच नाही.
मी कापला. तिच्यातही त्याच पेशी.
मेट्रनला विचारलं, एथेल गावी कुठे असते? म्हणाल्या, चर्चच्या मागे, दफनभूमीत.

१७ मार्च
मावशी जिना चढताना खाली बसल्या. ओठ पांढरे. पाच महिने रक्त जातंय म्हणाल्या, वय सत्तेचाळीस, डॉक्टरांनी दोनदा गर्भाशय आतून खरवडलं, दोन्हीदा "नेहमीचंच". हसून म्हणाल्या, "म्हातारीचं रक्त आहे गं, जरा वेळाने आटतं."
त्यांचा डबा शोधला. गुठळी कापली.
कर्करोगाची गाठ आहे. पण सुरुवातीची. मोठ्या इस्पितळात गर्भाशय काढलं तर वाचतील!

१८ मार्च
खरा अहवाल लिहून डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. ओरडले मी. या बायका गुठळ्या नाहीत, म्हटलं! त्यांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, उद्या तिसऱ्यांदा खरवडू, म्हणजे समाधान होईल तुझं.
तिसऱ्यांदा! अंगात रक्त उरलंय कुठे त्यांच्या!

१९ मार्च, सकाळ
प्रयोगशाळेला बाहेरून कुलूप. आत मी. मेट्रन दारापलीकडून म्हणाल्या, नेहमीची ओळ लिही, सही कर, दार उघडतं. एथेलनेही सुरुवातीला असंच केलं होतं म्हणे.
नाही लिहिणार. नाही.

दहा वाजले
झाडूचा आवाज. मावशीच. दार ठोकलं, त्या किल्ली शोधतायत. वॉर्डातून त्यांच्या नावाची हाक येतेय— ओरडून सांगितलं तर मेट्रनही ऐकतील. हे पान फाडून फटीतून सरकवते. त्या अडखळत का होईना, वाचतात.

फालेसीमावशी, टेबलावर झोपू नका. तुमच्या गुठळीत गाठ आहे, पण तुम्ही वाचाल. ब्लांटायरच्या मोठ्या इस्पितळाकडे जाणारी मिनीबस चौकात उभी असेल. झाडू टाका, निघा. किल्ली शोधू नका. बुटांचे आवाज येतायत— माझं कुलूप राहू द्या, मावशी, आधी तुम्ही—