‘प्या’ म्हणालो आणि माळ गेला

थोरले बंधू अबू हायल यांना,

अम्मानहून धाकट्या मुफलेहचा सलाम. तुमच्या कपाळाचं आणि उजव्या हाताचं चुंबन इथूनच घेतो. गावी आलो की पुन्हा घेईन (हे पत्र वाचून झाल्यावर तुम्ही मला जवळ येऊ दिलंत तर). गुडघा कसा आहे? वहिनींनी दाढ काढून घेतली की अजून लवंगेवरच निभावतायत? काळ्या मेंढीला जुळं झाल्याचं तुमच्या हायलकडून फोनवर कळलं, फार बरं वाटलं. इकडे सगळे ठीक, म्हणजे बायकामुलं ठीक. मला मात्र हल्ली एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो, खिडकीपर्यंत जातो, आणि कशाला आलो होतो ते आठवत नाही म्हणून परत येतो. बायको म्हणते, तुम्हाला पिसवा झाल्या असतील तर सतरंजी उन्हात टाका.

तुम्ही निरोप धाडलात की रुजैमच्या माळाचं सरकारात काय ठरतंय ते एकदा स्पष्ट कळव, माळ हातचा जाणार असेल तर मेंढरं कुठे न्यायची ते आत्ताच बघायला हवं. अगदी रास्त विचारलंत. उत्तर द्यायलाच बसलोय. पण त्याआधी थोडं मागचं सांगावं लागेल. (पानं उलटून शेवट बघू नका दादा, तुमची सवय मला ठाऊक आहे.)

आमच्या खात्याचं काम तुम्हाला माहीतच आहे, परदेशी पाहुण्यांना कुठे बसवायचं आणि काय पाजायचं ते बघणं. आमच्यात देशांची नावं घेत नाहीत. एक ‘जुने स्नेही’ आणि एक ‘नवे स्नेही’. जुने स्नेही आपल्याला गहू देतात, विमानं देतात आणि सल्ला देतात. नवे स्नेही रस्ते देतात, यंत्रं देतात आणि सल्ला देत नाहीत, नुसते हसतात, त्यामुळे आमचे मंत्रीसाहेब जास्तच घाबरतात. मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं सोपं होतं. जुने स्नेही आले की पहिला कप त्यांना, बाकीचे मागाहून. आता दिवस फिरले. जुने दमल्यासारखे दिसतात पण उठत नाहीत, नवे घाई करत नाहीत पण सरकत सरकत जवळ येतात, आणि मध्ये आपण, एवढासा देश, धड पाण्याचीही बोंब. साहेबांचं धोरण असं की दोघांनाही वाटलं पाहिजे आपण त्यांचेच, आणि खात्री मात्र कुणालाच वाटता कामा नये. हे ऐकायला छान वाटतं. करायला लागलं की रात्रीची झोप जाते, आणि ती साहेबांची जात नाही, माझी जाते.

तर दोघांनाही आपला माळ हवाय. जुन्या स्नेह्यांना तिथे हवामान केंद्र बांधायचंय. (हवामान मोजायला येणारी माणसं मी पाहिली. असे दंड असलेली माणसं ढग मोजत नाहीत.) नव्या स्नेह्यांना तिथे उन्हावर वीज करायची आहे, आणि त्यासाठी एक उंच मनोरा लागतो म्हणे. ऊन वरून खाली येतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, त्याला बघायला वर चढावं लागतं हे मला नवीन होतं. कुंपण मात्र दोघांनाही हवंय. साहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं असतं तर आधी कुणाला बोलावलं यावरून गहजब झाला असता, म्हणून एकाच दिवशी, एकाच दालनात बोलावलं. आता बसवण्याची जबाबदारी माझी. खुर्च्या एका उंचीच्या केल्या. दोघांना दोन दारांनी एकदम आत घेतलं. पण कॉफीच्या किटलीला तोंड एकच. पहिली धार कुणाच्या कपात पडणार? साहेबांना विचारलं तर म्हणाले, “तू बघ.” मोठी माणसं ‘तू बघ’ म्हणाली की समजावं, उद्या आपल्यालाच बघून घेणार आहेत. मग मी दोन किटल्या काढल्या. जुन्यांना आमचा अबू शाहेर वाढणार आणि नव्यांना मी. दोघांनी एकाच वेळी वाकायचं. तालमीत अबू शाहेरची कंबर धरली. शेवटी मीही त्याच्याइतकंच सावकाश वाकायचं ठरलं.

प्रत्यक्षात ते मात्र उत्तम जमलं. दोन्ही धारा एकदम पडल्या, साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग नव्या स्नेह्यांच्या राजदूतानं माळाचा विषय काढला. गोड बोलला, दुभाषी बाईंनी त्याहून गोड करून सांगितला. आणि बोलून झाल्यावर त्यानं, दादा, कप समोरच्या तिवईवर ठेवून दिला. भरलेला. ओठही न लावता.

आता तुम्हाला मी काय सांगू? माझ्यासाठी मुलगी मागायला तुम्ही अबू नवाफच्या घरी गेलात तेव्हा कप असाच खाली ठेवून बसला होतात. मागणं मान्य झाल्याशिवाय कॉफी प्यायची नाही, आणि यजमानानं ‘प्या’ म्हटलं की मागणं मान्य. अबू नवाफ बराच वेळ छताकडे बघत होते, शेवटी म्हणाले, “प्या अबू हायल, गार करू नका,” आणि माझं लग्न ठरलं. हे सगळं मला पाठ आहे. पण हा माणूस काही आपल्यात वाढलेला नाही. याला कॉफी कडू लागली असेल, नाहीतर बोटं भाजली असतील (त्या कपाला कान नसतो हे त्यांच्या लक्षात येत नाही). मला वाटलं, पाहुण्याचा कप तसाच राहिला तर घराची शोभा जाते. आणि इतकी वर्षं जे तोंडात बसलंय तेच बाहेर पडलं. मी म्हणालो, “प्या हो साहेब, संकोच करू नका.”

अबू शाहेरची किटली हलायची थांबली. दुभाषी बाईंनी माझं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं, राजदूत हसला, म्हणाला किती अगत्यशील माणसं, आणि घटाघट प्याला. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी किटलीच्या मागे लपायचा प्रयत्न केला. बरं, मंत्र्यानं ‘प्या’ म्हटलं असतं तर तो सरकारचा शब्द झाला असता, आणि सरकारचा शब्द फिरवता येतो, त्यासाठी वेगळा विभागच आहे. पण बोललो मी. रुजैमचा. ज्यांची मेंढरं त्या माळावर चरतात त्या घराण्यातला. म्हणजे शब्द गेला आपला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, नव्या स्नेह्यांना कुठे काय कळलं होतं. पण जुन्या स्नेह्यांचा राजदूत इथे मुरलेला. मटणभाताचं मनसफ हातानं खातो, भाताचा गोळा अंगठ्यानं तोंडात उडवतो, कुणाच्या मयताला कुठली ओळ बोलायची तेही जाणतो. त्यानं शांतपणे आपला कप उचलला, सगळ्यांना दिसेल असा तिवईवर ठेवला, हाताची घडी घातली आणि म्हणाला, “माझंही एक मागणं आहे.” त्याचं अरबी माझ्या पोरांपेक्षा चांगलं आहे, मेल्याचं.

साहेबांची मला खरंच कीव आली. ‘प्या’ म्हणावं तर एकच माळ दोघांना दिला, न म्हणावं तर गव्हाची जहाजं परत फिरली. त्यांनी काय केलं असेल? म्हणाले, “मुफलेह, साहेबांची कॉफी गार झाली, बदलून आण.” मी बदलली. राजदूतानं नवीन कपही खाली ठेवला. पुन्हा गार झाली, पुन्हा बदलली. दुपार उतरणीला लागली, आमचं हेच चाललेलं. आणि दुसऱ्या बाजूला नवे स्नेही! नको असेल तर कप मनगटातून जरा हलवून द्यायचा हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. अबू शाहेरनं आपल्याकडून मदत म्हणून मोकळा झालेला हात तिकडे वळवला, आणि कप रिकामा दिसला की भरत सुटला. राजदूताचे डोळे मोठे होत गेले, गुडघा आपोआप हलायला लागला, पण माणूस सभ्य, पीत राहिला. एकाला प्यायचं नव्हतं आणि एकाला थांबता येत नव्हतं, आणि मध्ये साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघून हवेबद्दल बोलत होते. शेवटी जुन्या स्नेह्यांच्या खिशातला फोन वाजला, त्यांना जावं लागलं. कप तसाच, भरलेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की चर्चा अत्यंत उबदार वातावरणात झाली. एवढा एकच शब्द खरा होता, दालनातलं गार वाऱ्याचं यंत्र बंद पडलं होतं.

मी माफी मागायला गेलो तेव्हा साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “अरे, तू वीस शब्द बोलला असतास तर मी सांभाळून घेतलं असतं. तू नेमका तो एकच बोललास.” तेव्हापासून माझी ही उठबस सुरू आहे. झोपेत माळ दिसतो. पावसानंतर तिथे ती निळी फुलं येतात ना, त्यांच्याभोवती कुंपण घातलेलं दिसतं, आणि कुंपणाच्या आत मी किटली घेऊन उभा. दादा, मला फार लाज वाटते. आपल्या आज्यापणज्यांनी जो माळ तुर्कांना दिला नाही, इंग्रजांना दिला नाही, तो मी अगत्यापोटी दिला.

तूर्त एवढंच. वहिनींना सलाम, मुलांना पापे. मनसफच्या रश्श्यासाठी वहिनी दही वाळवून करतात ते जमीद उरलं असेल तर हायलबरोबर धाडा, इथल्या दुकानातल्याला खडूची चव येते. तुमची दुवा असू द्यावी.

तुमचा आज्ञाधारक,
मुफलेह

ता. क. जमीद धाडू नका. घरीच ठेवा, लागेल. साहेबांनी तोड काढली आहे. शब्द आपल्या घराण्याच्या नावानं गेला, तर घराण्यातल्या थोरल्यानंच तो सोडवायचा. म्हणून येत्या गुरुवारी दोन्ही राजदूत तुमच्याकडे मनसफ जेवायला येतायत. मी ‘हो’ म्हणून बसलोय. रागावू नका, आता एक शब्द काय नि दोन काय.

आणखी ता. क. खरं सांगायचं ते हेच, बाकी सगळं कागद भरायला. कॉफी आली की या वेळी तुम्ही पिऊ नका. तुम्ही यजमान, तुमच्या घरात, तुमच्या सतरंजीवर, आपला कप खाली ठेवा. ‘माळ आम्हाला राहू द्या’ हे मागणं बोलूनही दाखवायला नको, दारातून माळाकडे बघा म्हणजे झालं. जुन्या स्नेह्यांना चटकन कळेल. नव्यांची दुभाषी बाईही आता शहाणी झाली आहे, परवा माझ्याकडे येऊन सगळं विचारून गेली. एकमेकांच्या देखत, म्हाताऱ्या यजमानाला गार कॉफीपुढे बसवून ठेवणं दोघांनाही शोभणार नाही. कुणीतरी आधी ‘प्या’ म्हणेल, मग दुसऱ्याला म्हणावंच लागेल. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. गुडघा दुखला तरी पाय लांब करू नका.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात साहेबांचा फोन. गुरुवारी तिसरे स्नेहीही येतायत. आपलं फॉस्फेट घेणारे, तुम्ही ओळखलं असेल. त्यांना माळ नुसता ‘बघायचा’ आहे. ते कॉफी पीत नाहीत, त्यांना चहा लागतो, दूध घालून उकळलेला, आणि तो स्वतःच करायला माणूस आणतात, सगळ्यांसाठी. मी त्यांच्या दुभाष्याला विचारलं, तुमच्यात यजमानानं कप खाली ठेवला तर काय समजतात? तो म्हणाला, साखर कमी पडली असं समजतात आणि आणखी घालतात. दादा, तिथे आपला कप चालायचा नाही. तुम्ही एवढंच करा, त्या दिवशी मेंढरं माळावरून खाली आणू नका, आणि तुम्हीही खाली जेवायला बोलावू नका. सतरंज्या वर माळावरच अंथरा, म्हणजे कप कुणी कसाही ठेवला तरी माळावर यजमान आपण आणि ते पाहुणे.