दिहेचं रुसलेलं पाणी

१२ फेब्रुवारी
लेखासाठी आकडे जमवले. शंभर ग्रॅम वाळलेल्या दिहेत, म्हणजे इथल्या खाण्याच्या शैवलात, साठेक ग्रॅम प्रथिनं, वर लोह. संस्कृतात शैवलाला नावं पुष्कळ. चाखून बघावंसं एकाही पंडिताला वाटलेलं दिसत नाही. इथे चाड सरोवराकाठी कानेम्बू बायका ही हिरवी साय तुंब्यांनी काढतात, वाळूत वाळवून वड्या पाडतात. मासळीच्या कालवणात घालून बाजरीच्या गोळ्याशी खातात.

पहाटे काठावर कोणी नव्हतं. नमुन्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरलो. पुरुष उतरला की पाणी वांझ होतं म्हणतात. बाटली भरली, परतलो.

१६ फेब्रुवारी
साय विरळ. तुंबे अर्धेच.

१९ फेब्रुवारी
आज सायच नाही. वारा फिरलाय, बाकी काही नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला — फांदी मात्र पडली नुकत्याच बाळंतपणातून उठलेल्या केल्लूच्या डोक्यात. साय काढणाऱ्या बायकांची म्होरकी यागानाआजी सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "बाळंतपणाचे चाळीस दिवस भरायच्या आत उतरलीस."

"भरले होते, आजी. तुम्हीच मोजलेत."

"म्हणजे मला मोजता येत नाही?"

बायका हसल्या. केल्लू रांगेबाहेर. रांग नाही तर दिहेचा वाटाही नाही.

२३ फेब्रुवारी
केल्लूला दूध कमी येतंय. पोर चोखून चोखून रडते. मला विचारलं, "काका, तुमच्या लेखात बाळंतिणीचं काय लिहिलंय?"

'बाळंतिणीस विशेष हितकर' असं लिहिलंय. आठवत नाही म्हणालो.

२४ फेब्रुवारी
पाण्यात मी उतरलो होतो हे सांगितलं तर इथून उठावं लागेल. नऊ वर्षांचा संसार — एक खाट, दोन शब्दकोश, सगळ्या गावाची थट्टा. दुसरं घर नाही मला.

२६ फेब्रुवारी
सांगितलं. यागानाआजीने माझ्या पायांकडे पाहिलं.

"पायात काय होतं?"

"काही नाही. अनवाणी."

"म्हणजे लाज थोडी होती." मग म्हणाली, "परवाच्या ट्रकने जा. बायकांना मी सांगते."

२८ फेब्रुवारी
केल्लू पुन्हा रांगेत. ट्रकपाशी आली, पोर पाठीला बांधलेली.

"त्या पहाटे मी लव्हाळ्यातच होते, काका. पाहुण्याचं नाव आपण घ्यायचं नसतं. तुम्ही कधी सांगता, तेवढं बघत होते."